गेटवर तीन वॉचमन, तरी पोर घाबरते

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, नमस्कार. दीड वर्षापूर्वी आम्ही कराड सोडून पुण्यात वाकडला राहायला आलो. सोसायटी मोठी आहे, सात टॉवर. गेटवर तीन वॉचमन, जिकडेतिकडे कॅमेरे, डिलिव्हरीवाल्याला वर सोडायचं तर ॲपवर परवानगी द्यावी लागते. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. ती एकटी लिफ्टमध्ये जात नाही. खाली बागेत खेळून ये म्हटलं की 'तू पण चल' म्हणते. 'भीती वाटते' एवढंच सांगते, कशाची ते सांगत नाही. आणि हीच मुलगी सुट्टीत कराडला आजीकडे गेली की सोमवार पेठेत दिवसभर उंडारते, पायात चप्पलसुद्धा नसते. तिथे ना कॅमेरा ना वॉचमन. नवरा म्हणतो, लाडावून ठेवलीय. एवढा मेंटेनन्स भरून पोर घरातच बसणार असेल तर काय उपयोग? आमचं कुठे चुकतंय?
— एक आई, वाकड

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी 'कशाची ते सांगत नाही' या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली. तेहतीस वर्षं मी धुळे जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून तिसरी-चौथीला शिकवलं. 'तुला कशाची भीती वाटते?' असं विचारल्यावर एकाही मुलाने धड उत्तर दिल्याचं आठवत नाही. 'काई नाही बाई,' म्हणतात आणि खाली बघतात.

उत्तर मिळतं ते आडवाटेने. तिसरीच्या परिसर अभ्यासात नकाशा शिकवायचा असतो. मी मुलांना घर ते शाळा हा रस्ता काढायला लावायची. मुलांच्या नकाशात जे मोठं असतं ते खरोखर मोठं असतंच असं नाही, ते त्यांना मोठं वाटत असतं. एका पोराने विजेची डीपी शाळेपेक्षा मोठी काढली होती. का रे, तर 'तठे भूत शे, गुणगुणस.' ते गुणगुणणं मी रोज ऐकत होते आणि कधी ऐकलं नव्हतं. एकीने किराणा दुकानाच्या दारात नुसती काकू काढली, दुकान काढायचं विसरली. देशी दारूचं दुकान मात्र कोणी विसरायचं नाही, आणि त्याच्या समोरून जाणारा रस्ता सगळ्यांच्या नकाशात उगाच अरुंद असायचा.

आता जे सांगते ते मी फार जणांना सांगितलेलं नाही. १९९४ साल. धुळ्याजवळचं खेडं. वर्गात एक हुशार, अबोल मुलगी होती. तिच्या घरापासून शाळेपर्यंत एकच सरळ गल्ली, मधे पिठाची गिरणी. तिने नकाशात गिरणी काढली, पण रस्ता तिथपर्यंत आणून देवळाच्या मागून वळवून पुन्हा गल्लीत आणला. मी लाल पेनाने फुली मारली आणि वहीत लिहिलं, 'रस्ता सरळ आहे.' तिने काही न बोलता खोडरबर घेतला, वळण खोडलं आणि सरळ रेघ ओढून वही परत दिली. मी 'छान' असा शेरा दिला.

दोन वर्षांनी बाजारात तिची आई भेटली. पोरगी दळण न्यायला कधीच तयार व्हायची नाही, मार खाल्ला तरी. गिरणीवाल्याला सगळं गाव मामा म्हणायचं. मामा लहान मुलींना गोळी द्यायचा, मांडीवर बसवायचा आणि लवकर उठू द्यायचा नाही. आईला हे कळेपर्यंत मुलगी पाचवीत गेली होती. ती रोज देवळाच्या मागूनच शाळेत येत होती, आणि ते वळण मी तिला खोडायला लावलं होतं.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती अशी, की मुलीशी वाद घालू नका. 'अगं, एवढे कॅमेरे आहेत, भ्यायचं काय त्यात?' हे वाक्य महिनाभर बंद. तिला मोठा कागद द्या आणि आपल्या दारापासून बागेपर्यंतची वाट काढायला सांगा. लिफ्ट, पार्किंग, वॉचमनची केबिन, जनरेटर, काय हवं ते. काढत असताना बोलू नका, काढून झाल्यावरही दुरुस्त करू नका. मग तोच कागद हातात घेऊन तिच्याबरोबर खाली उतरा. तिला पुढे चालू द्या, तुम्ही मागे. ती कुठे पाय उचलते, कुठे भिंतीला चिकटते, कुठे श्वास रोखते ते बघा.

आणि जमलं तर मधूनमधून तिच्या उंचीला या. ९५ सेंटीमीटर म्हणजे साधारण तीन वर्षांच्या मुलाची उंची. तेवढ्या उंचीवरून शहर कसं दिसतं हे बघून रस्ते, बागा, फुटपाथ आखावेत असा अर्बन ९५ नावाचा उपक्रम आहे, आणि तुमच्या पुण्यातही त्याचं काम झालंय. तुमची लेक त्याहून बरीच उंच आहे, पण हल्लीच्या त्या रणगाड्यासारख्या गाड्यांच्या बॉनेटपुढे उभी राहिली तर चालवणाऱ्याला तिचं डोकं दिसेल की नाही याची मला शंका आहे. सोसायटीच्या आत लोक गाड्या कशा हाकतात ते मी भाच्याकडे राहून पाहिलंय. फाटकाबाहेर सिग्नलला थांबणारा माणूस फाटकातून आत आला की त्याला वाटतं आता सगळं आपलंच अंगण.

लिफ्टचं मला नवल वाटत नाही. दार बंद होतं, मधल्याच मजल्यावर उघडतं, समोर कोण उभं असेल ते आपल्या हातात नसतं. कधी माणूस असतो, कधी माणसाच्या हातात साखळी आणि साखळीला तिच्या छातीइतका कुत्रा. मला पासष्टाव्या वर्षी तिथे कसंतरी होतं. धोक्याची घंटा कुठली हे तिला दाखवा, एकदा प्रत्यक्ष वाजवू द्या. वॉचमनला आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

पण तुमचा खरा प्रश्न कराडचा आहे. सोमवार पेठेत तुमच्या मुलीला दिवसातून दहा वेळा कोणीतरी विचारत असेल, 'कुणाची गं तू?' आणि तिच्याकडे उत्तर तयार असतं, अमक्या आजींची नात. लगेच, 'हो का, तुझी आई पण अश्शीच अनवाणी हिंडायची.' वाकडला तिला काय विचारतात? 'फ्लॅट नंबर?' कॅमेऱ्याला डोळे असतात, पण तो 'अगं उतर, पडशील' म्हणून ओरडत नाही आणि गुडघा फुटला तर हळद घेऊन बाहेर येत नाही.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. केविन लिंच नावाच्या अमेरिकी नगररचनाकाराने १९७० च्या दशकात युनेस्कोच्या मदतीने वेगवेगळ्या देशांतल्या मुलांना विचारायला सुरुवात केली, की तुमचं शहर तुम्हाला कसं वाटतं. पुढे नव्वदच्या दशकात लुईस चावला यांनी ते काम पुन्हा हाती घेतलं, तेव्हा त्यात आपलं बंगळूरही होतं. तिथली सत्यनगर ही गरीब वस्ती. पाण्याची मारामार, संडासांचे हाल. तरीही तिथली मुलं आपल्या वस्तीबद्दल जितक्या आपुलकीने बोलली, तितकी ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका उपनगरातली मुलं बोलली नाहीत. त्या उपनगरात नळाला पाणी होतं, मोकळी मैदानंही होती. सत्यनगरात दारं उघडी होती, रस्त्यावर माणसं होती, मुलांना खेळायला मुलं होती. गरिबीचे गोडवे गाण्यासाठी हे सांगत नाही. संडास हवेतच. पण मुलं हिशेब मांडतात तो कोण ओळखतं आणि कोण नाही, याचा.

आता उलटी बाजू. कराड म्हणजे स्वर्ग समजू नका. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेचं पाणी आहे आणि अनवाणी उंडारणाऱ्या पोरीला त्याची भीती वाटत नाही, तेव्हा ती तुम्हालाच वाटायला हवी. दुसरं म्हणजे, ओळखीचा माणूस म्हणजे सुरक्षित माणूस असं नसतं. माझा गिरणीवाला मामा अख्ख्या गावाच्या ओळखीचा होता. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांची सरकारी आकडेवारी दर वर्षी तेच सांगते. दहांतल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. फाटकावरचं ॲप अनोळख्याला अडवतं, आणि धोका बहुतेक वेळा ज्याला आपण ॲपवर स्वतःच परवानगी देतो तिकडून येतो.

त्यामुळे मुलीला 'अनोळखी माणसाशी बोलू नको' एवढंच शिकवून भागत नाही. हरवली तर तिला कोणातरी अनोळख्याशीच बोलावं लागणार आहे. त्याऐवजी असं सांगा की 'आईला सांगू नको हं' असं जो म्हणेल, मग तो मामा असो, आजोबा असो, शिकवणीच्या बाई असोत, त्याचं ते बोलणं त्याच दिवशी आईला सांगायचं. आणि ती सांगेल तेव्हा तुम्ही ओरडायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड आहे.

नकाशातून किंवा बोलण्यातून असं काही निघालंच, तर १९९४ सालच्या माझ्यासारखं गोंधळून बसू नका. तेव्हा आमच्या हाताशी काही नव्हतं. १०९८ हा मुलांचा फोन १९९६ साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून सुरू झाला. तो आज देशभर चालतो, फुकट, रात्री-बेरात्रीसुद्धा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा. त्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे ज्याला असा प्रकार कळला त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकाने, शेजाऱ्याने, सोसायटीच्या सेक्रेटरीनेसुद्धा. 'बदनामी नको' म्हणून गप्प बसणं हा आता गुन्हा आहे.

तुमच्याकडे तसं काही असेल असं मला पत्रावरून वाटत नाही. मला वाटतं पोर एकटी पडली आहे. जपानात एक पद्धत आहे. रस्त्यावरची काही घरं आणि दुकानं दारावर एक पाटी किंवा स्टिकर लावतात, 'मुलांचं ११० नंबरचं घर' अशा अर्थाचं. ११० हा तिथला पोलिसांचा नंबर. शाळेतून येता-जाता मूल घाबरलं, कोणी पाठीमागे लागलं, तर त्या दारात घुसायचं. तुम्हाला पाट्या लावायची गरज नाही. तुमच्या टॉवरमध्ये तीन दारं शोधा, जिथे दुपारी कोणीतरी हमखास घरी असतं. भाकरी करणारी आजी असेल तर उत्तम. मुलीला घेऊन जा, तिचं नाव सांगा, वाटीत काहीतरी न्या. वाटी परत येते तेव्हा भरून येते, आणि ती परत आणायला त्यांची नात खाली-वर करते. कराडची पेठ अशीच तयार झाली असणार, तिला फक्त शंभर वर्षं जास्त मिळाली.

वॉचमन काकांचं नाव आणि गाव मुलीला विचारायला लावा. एजन्सी दर काही महिन्यांनी माणसं बदलते, तेव्हा पुन्हा विचारायला लावा. आणि यजमानांना सांगा, लाडावलेली मुलं सहसा खाली जातात. वर हट्ट ऐकून घ्यायला कोणी नसलं की.

प्रश्न : आदरणीय बाई, आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पोरं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा' असा मेसेज फिरतोय. बरोबर व्हिडिओही आहे, मोटारसायकलवरून पोर उचलून नेतात असा. दुसरीतल्या नातवाने तो पाहिला आणि आता शाळेत जायला रडतो. मेसेज खरा की खोटा कळत नाही. पण सावधगिरी म्हणून चार लोकांना पाठवला तर बिघडलं कुठे?
— एक आजोबा, जत तालुका

उत्तर : आजोबा, पाठवू नका. हात जोडून सांगते.

मी धुळ्याची. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे पोचली. त्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलला, असं कोणीतरी म्हणालं. जमावाने पाचही जणांना मारून टाकलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. टोळी वगैरे काही नव्हती. असलेच मेसेज त्याआधी महिनाभर आमच्याकडे फिरत होते, आणि पाठवणारा प्रत्येकजण सावधगिरी म्हणूनच पाठवत होता.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत असंच मोटारसायकलवरून मूल उचललेलं दिसायचं. तो मुळात कराचीत तयार केलेला, मुलांची काळजी घ्या असं सांगणारा जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ती माणसं मूल परत आणून ठेवतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कोणीतरी कापला. तुमच्याकडे आलाय तो हाच की दुसरा, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तुम्ही फोन उचलून पोलीस ठाण्यात विचारा. तेवढं आपल्या हातात आहे.

माझी शाळा तेव्हा त्याच तालुक्यात होती, निवृत्तीला वर्ष उरलं होतं. सोमवारी वर्गात अकरा मुलं आली. पट बत्तिसाचा. जी आली त्यांच्यातला एकजण मधल्या सुट्टीत म्हणाला, 'बाई, त्या पोरं पळवनार नव्हतात ना, मंग आपला लोक कसा मारतंस?' मी त्याला डबा खायला सांगितलं. दुसरं काय सांगणार होते?

मला आणखी एक मुलगा आठवतो, बऱ्याच आधीच्या वर्षातला. दिवाळीनंतर गावाबाहेर भटक्या लोकांची पालं पडायची, आणि त्या पालांवरची दोन-चार पोरं पंधरा दिवस माझ्या वर्गात येऊन बसायची. घर ते शाळा नकाशा काढा म्हटल्यावर त्याने विचारलं, 'बाई, कोणत्या गावचं घर काढू?' त्या पोराला 'कुणाचा रे तू?' हा प्रश्न कराडच्या मुलीला वाटतो तसा वाटत नाही. त्याच्यासाठी ती चौकशी असते. तुमच्या नातवाच्या भीतीचा मेसेज पुढे गेला की तो या पोराच्या बापापर्यंत जाऊन पोचतो.

नातवाचं म्हणाल, तर त्याने पाहिलेला व्हिडिओ खोटा आहे असं नुसतं सांगून भागणार नाही, त्याने तो डोळ्यांनी पाहिलाय. आठवडाभर तुम्ही त्याला शाळेत सोडायला चालत जा. वाटेत दिसेल त्याला हाक मारा, नाव घेऊन. चावडीवर टेकलेल्या म्हाताऱ्यांना, सायकलच्या दुकानात, दूध घालणाऱ्याला. नातवाने ती हाक ऐकायला हवी. आणि तुमचा फोन त्याच्या हाती देऊ नका, किमान ग्रुप उघडा असताना.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. माझा क्लास घरापासून चालत बारा मिनिटांवर आहे. आई स्कूटरवर सोडते आणि न्यायला येते. मी एकटा जातो म्हटलं तर म्हणते ट्रॅफिक आहे. वर्गातली मुलं मला 'पार्सल' म्हणतात. तुम्ही आईला सांगाल का?
— अकोला

उत्तर : पार्सला, सांगते. पण आधी तुझी आई अगदीच चूक आहे असं समजू नको. पाच ते एकोणतीस वर्षांच्या वयात जगभर सगळ्यात जास्त जीव रस्त्यावरच्या अपघातांत जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई ज्याला भिते ते भूत नाही.

आता आईसाठी. ताई, क्लास सुटताना बाहेर उभ्या असलेल्या गाड्या एकदा मोजा. त्यातल्या किती, रस्त्यावर गाड्या फार आहेत म्हणून मुलाला न्यायला आलेल्या आहेत? इंग्लंडमध्ये मेयर हिलमन नावाच्या अभ्यासकाने हेच मोजलं होतं. तिथे १९७१ मध्ये सात-आठ वर्षांच्या १०० मुलांतली ८० मोठ्यांशिवाय शाळेत जायची, १९९० मध्ये ९. त्या काळात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि सरकार म्हणत होतं, बघा, रस्ते सुरक्षित झाले. हिलमनचं म्हणणं असं, की रस्त्यावरून गाड्या नाही, मुलंच काढून घेतली गेली.

सात वर्षांच्या मुलाला लांबून येणाऱ्या गाडीचा वेग ओळखता येत नाही, त्याला एकटं सोडू नये. अकरा वर्षांच्याला ते येतं, पण सरावाने, आणि स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून सराव होत नाही. पहिला आठवडा तुम्ही त्याच्या शेजारून चाला. दुसऱ्या आठवड्यात वीस पावलं मागून. तो रस्ता कुठे ओलांडतो ते बघा. सांगितलेल्या जागी ओलांडतो की मित्र समोर दिसला की मधूनच धावतो? धावत असेल तर पुन्हा शेजारून. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही फक्त मोठ्या चौकापाशी उभ्या राहा. वाटेतल्या एका दुकानदाराला मुलगा दाखवून ठेवा.

आणि तू, बारा मिनिटांची ती वाट आधी कागदावर काढ. कुठे फुटपाथ संपतो, कुठे लोकांनी गाड्या लावून तो खाल्लाय, कुठे उलट्या बाजूने रिक्षा येतात, कुठे कुत्री बसतात. जिथे तुला स्वतःला भीती वाटते ती जागा लपवू नको, आई 'बघ, मी म्हटलं नव्हतं' म्हणाली तरी. नकाशावर आईची सही घे आणि एक प्रत मला पाठव. लाल पेन मी आता वापरत नाही.